जुन्या फोनवरचं नवं तोंड

कडकमावशी काम करताना फोनकडे बघत नसे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचा सगळा तमाशा यावरूनच झाला.

तिचं काम अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं. अंग पुसायचं, भरवायचं, लंगोट बदलायचा आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कूस बदलायची. जे माणूस स्वतःहून हलू शकत नाही त्याला दर दोन तासांनी या कुशीवरून त्या कुशीवर केलं नाही, तर कातडी आधी लाल होते, मग काळी पडते, मग फुटते. फुटली की भरून यायचं नाव घेत नाही. डॉक्टरांकडे याला नाव आहे. कडकमावशी म्हणायची, "पेशंटच्या पाठीवर जखम म्हणजे आपल्या थोबाडीत." आणि तिने ती थोबाडीत अजून खाल्ली नव्हती. एवढ्या वर्षांत किती म्हातारेकोतारे तिच्या हाताखालून गेले, काही तिच्या हातातच गेले, पण गेले ते साफ पाठीने. याचा तिला माज होता. असू दे की. ज्याच्याकडे बंगला असतो त्याला बंगल्याचा माज चालतो, मग हिला पाठींचा का नको?

कूस बदलणं म्हणजे ढकलणं नव्हे. एक हात खांद्यामागे, एक कमरेखाली. ओढायचं नाही, ओढलं की चादरीवर कातडी खरवडते. किंचित उचलल्यासारखं करून वळवायचं. गुडघ्यांच्या मधे उशी, पोटरीखाली दुसरी उशी, आणि टाच त्या उशीच्या पलीकडे, हवेत. टाच कशालाही टेकता कामा नये. मग तळहात फिरवून चादरीची चुणी न् चुणी मोडायची.

आणि नेमकं यातच कंपनीचं अ‍ॅप बोंबलायचं. कंपनी म्हणजे घरोघरी अशा बाया पुरवणारी. ठरल्या वेळी फोनची घंटी वाजणार, आणि घंटी वाजतेय तोवर ‘कूस बदलली’ हे बटण दाबायचं. आधी दाबलं तर लागत नाही, नंतर दाबलं तर ‘उशीर’ लागतो. घंटी चुटकीसरशी संपते, आणि माणूस काही चुटकीसरशी वळत नाही. वळवायला घेण्याआधीच दाबणं म्हणजे खोटी सही, ते तिला जमणारं नव्हतं. हे ज्याने बनवलं त्याने जन्मात कधी सख्ख्या आईला तरी कुशीवर वळवलं असेल का, असा प्रश्न कडकमावशीने भर मीटिंगमध्ये विचारला होता. तेव्हापासून नाव पडलं कडकमावशी.

पण नुसती भांडून बसणाऱ्यातली ती नव्हती. तिने तोड काढली. फोन एप्रनच्या उजव्या खिशात, रोज त्याच बाजूने ठेवलेला. घंटी झाली की डावा हात पेशंटच्या पाठीशी पक्का, उजवा क्षणभर खिशात. बाजूची कळ, अंगठा वर सरकवायचा, मग खालचा डावा कोपरा. फोन एकदा थरथरला की लागलं. डोळे सगळा वेळ पेशंटच्या चेहऱ्यावर. दुखलं तर ते आधी चेहऱ्यावर दिसतं. कंपनीत नवी बाई आली की हे तिला कडकमावशीच शिकवायची. "नजर माणसावर, अंगठा फोनवर. पाठ करून ठेव."

अशीच तिच्या हाताखाली शिकलेली एक होती बुटकी. उंचीला कमी, म्हणून स्टुलावर उभी राहून पेशंट वळवायची, पण हात लोण्यासारखा. "ही माझी खरी पोरगी," असं कडकमावशी बुटकीबद्दल सगळ्यांसमोर म्हणायची, आणि घरी खरी पोरगी ते ऐकून तोंड वाकडं करायची.

कडकमावशीची पेशंट होती बाई. शाळेत शिकवण्यात जन्म घालवलेल्या, आता निवृत्त, म्हणून सगळे त्यांना नुसतं बाई म्हणायचे. झटका आला तेव्हा वाचा गेली आणि अंगाची उजवी बाजू गेली. उरला डावा हात. त्या हातावर दोघींनी मिळून एक भाषा उभी केली होती. बाईंनी मावशीचं बोट एकदा दाबलं की हो. दोनदा दाबलं की नाही. मान्य नसताना मावशी काही करायला गेली, तर बाई नख रुतवायच्या.

"घ्या! आयुष्यभर पोरांचे कान पिरगाळले, आता माझं बोट सापडलंय," कडकमावशी म्हणायची. "चहा गार झालाय का?"

दोनदा.

"मग गोड कमी झालाय?"

एकदा. आणि वर नख.

"साखर तुमच्या डॉक्टरने काढली, मी नाही. त्याला रुतवा नख."

बाईंच्या तोंडाचा डावा कोपरा हलायचा. तेच हसणं. शेजारच्या खोलीत बाईंचा मुलगा दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसायचा, कानाला ते हेडफोन लावून. माणूस वाईट नव्हता. मावशीला तुम्ही म्हणायचा, येताजाता आईच्या कपाळावर हात ठेवायचा. पण आईची पाठ त्याने बघितलेली नव्हती. आईची पाठ त्याच्यासाठी फोनवर यायची, दर आठवड्याला, हिरव्या खुणांची रांग बनून.

मग अ‍ॅपचं नवं तोंड आलं.

कंपनीने सगळ्यांना बोलावून सांगितलं. नवं रूप, नवे रंग, बटणं मोठी, सगळं कसं वाऱ्यासारखं सरकत येणार. जुनं बंद. सुपरवायझर मॅडम उभी राहून भिंतीवर चित्रं दाखवत होती.

"माझा फोन जुना आहे," कडकमावशी म्हणाली. "त्याला हे पेलणार का?"

"मावशी, सगळ्या फोनवर चालतं."

"सगळ्या म्हणजे? माझ्यावर लावून बघितलंत?"

"इन्स्टॉल झालं म्हणजे चालतं. नाही चाललं तर इन्स्टॉलच होणार नाही. इतकं सोपं आहे."

इतकं सोपं असतं तर काय हवं होतं! इन्स्टॉल झालं. व्हायला अख्खी दुपार लागली, फोन तव्यासारखा तापला, पण झालं. घरी मुलीने नव्या अ‍ॅपमधली सरावाची घंटी लावून तपासून बघितलं. मुलगी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर बसते, तिला कळतं. कोपऱ्यातलं बटण होतं तिथेच होतं, जरा फुगलं होतं इतकंच. मुलीने दाबलं, हिरवी खूण आली. कडकमावशीने दाबलं, हिरवी खूण आली.

"चालतंय बघ," मुलगी म्हणाली. "फक्त हळू झालाय जरा."

"मीही झालेय," कडकमावशी म्हणाली. विषय संपला.

दुसऱ्या दिवसापासून काम पूर्वीसारखं. घंटी, डावा हात पाठीशी, उजवा खिशात, कळ, सरकव, कोपरा, थरथर. लागलं.

आठवडा सरला आणि मुलगा आईच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. हेडफोन गळ्यात. चेहरा पडलेला.

"मावशी, तुमची तब्येत बरी आहे ना?"

"मला काय धाड भरलीय?"

"नाही, म्हणजे..." त्याने फोन पुढे केला. रांग होती, पण हिरवी नव्हती. रिकामी. अ‍ॅपच्या हिशेबाने अख्खा आठवडा बाईंची कूस एकदाही बदललेली नव्हती. "मी कंपनीला कळवलंय. तुमच्यावर आरोप नाही हां. फक्त बघून जा म्हटलं."

कडकमावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने त्याचं मनगट धरलं, पलंगाशी आणलं आणि बाईंच्या अंगावरची चादर बाजूला केली. "बघा! स्वतःच्या डोळ्यांनी बघा. एक लाल ठिपका दाखवा, या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही." मुलाने नजर फिरवली. आईच्या उघड्या पाठीकडे त्याच्याने बघवेना. त्याला ती पाठ फोनवरच बरी वाटत होती.

सुपरवायझर मॅडम आली. तिने मात्र पाठ नीट बघितली, बोटाने दाबून बघितली. "पाठ स्वच्छ आहे."

"मग झालं तर."

"झालं कसं? रेकॉर्ड नाही ना. उद्या काही झालं तर आम्ही काय दाखवायचं?"

"पाठ दाखवा!"

"मावशी, सरावाची घंटी लावून बटण दाबून दाखवता का?"

कडकमावशीने खिशातून फोन काढला. सगळे बघत होते म्हणून तीही बघायला लागली. कळ दाबली, सरकवलं, पडद्यावर सगळं जागेवर येऊन बसलं, तिने कोपरा दाबला. टचकन हिरवी खूण. तिने पुन्हा केलं. पुन्हा हिरवी. पलंगावरून बाई टक लावून बघत होत्या.

"चालतंय की," मॅडम म्हणाली. आवाजात राग नव्हता, कीव होती. राग परवडला असता. "वय झालं की विसरायला होतं, मावशी. त्यात लाजण्यासारखं काही नाही."

बाईंनी मावशीचं बोट धरलं होतं, ते त्या दाबत सुटल्या. दोनदा, दोनदा, परत दोनदा. "आई घाबरलीय वाटतं," मुलगा म्हणाला आणि त्याने आईचा हात सोडवून पांघरुणात घातला.

घरी येऊन कडकमावशीने फोन मुलीच्या पुढ्यात आदळला. "तुझ्या दुकानात ठेच याला."

मुलीने आईला ओळखलेलं होतं. तिने सरावाची घंटी लावली. ती म्हणाली, "तू रोज करतेस तसं कर. माझ्याकडे बघ, त्याच्याकडे बघू नको." तिने जमिनीवर गादीची वळकटी टाकली. "हा तुझा पेशंट."

कडकमावशी गुडघ्यांवर बसली. डावा हात वळकटीच्या पाठीशी, उजवा खिशात. कळ, सरकव, कोपरा. फोन थरथरला. मुलीने तो उचलला आणि बघत बसली. मग म्हणाली, "परत." परत केलं. "परत."

"अगं, कितीदा? वळकटीला जखम व्हायची नाही!"

"सापडलं," मुलगी म्हणाली. नवं तोंड वाऱ्यासारखं सरकत येतं ना, ते नव्या फोनवर. या फोनला ते चित्र रंगवता रंगवता धाप लागते. बटण आपल्या जागी येऊन बसेपर्यंत त्या कोपऱ्यात दुसरंच काहीतरी असतं, ‘नंतर आठवण करून द्या’, म्हणजे थेट पुढच्या घंटीला. मावशीचा अंगठा पूर्वीच्या चपळाईने तिथे पोचायचा आणि नेमकं तेच दाबायचा. फोन दोन्हीला सारखाच थरथरतो. बघत दाबलं की माणूस आपोआप थांबतो, चित्र पुरं होऊ देतो, मग सगळं ठीक. न बघता दाबलं की चुकतं. म्हणजे तपासायला घेतलं की बरोबर, कामाला लावलं की चूक.

"दुकानात रोज विचारतात," मुलगी म्हणाली. "माझ्या जुन्या फोनवर हे नवं चालेल का? शेठने सांगून ठेवलंय, चालेल म्हणायचं. खोटं नाही ते. चालतं. पण आई, झेपत नाही. चालणं वेगळं आणि झेपणं वेगळं."

कडकमावशीला हायसं वाटलं. वेड्यासारखी खूश झाली ती. आपण विसरलो नाही, आपलं डोकं जागेवर आहे, आणि हे सिद्ध करता येतं. सकाळी ती कंपनीच्या ऑफिसात धडकली. तिथल्या सोफ्यावरची उशी तिने टेबलावर आडवी घातली. "ही बाई. हा माझा डावा हात. बघा." आणि सरावाची घंटी लावून सगळ्यांसमोर उशीची कूस बदलली. मागून कोणीतरी खिदळलं, "उशीला लंगोट पण घाला." तिने मान वळवली नाही. फोन थरथरला. तिने तो मॅडमच्या हातात दिला. "वाचा काय लागलंय ते. मोठ्याने वाचा."

मॅडमने वाचलं. ‘नंतर आठवण करून द्या.’ असं वाटलं की झालं, जिंकली.

"म्हणजे," मॅडम सावकाश म्हणाली, "तुम्ही स्क्रीनकडे न बघता दाबता?"

"मग? पेशंटला सोडून तुमच्या फोनचं तोंड बघत बसू?"

"आणि बाकीच्यांनाही हेच शिकवता."

आता सांगा! गेली होती स्वतःला सोडवायला, आणि स्वतःच्या हाताने दोर घेऊन गेली. दोष अ‍ॅपचा नाही, फोनचा नाही, दोष मावशीच्या अंगठ्याचा. त्याच दिवशी सगळ्यांच्या फोनवर फर्मान गेलं. कूस बदलताना स्क्रीनकडे बघून बटण दाबावं आणि हिरवी खूण येईपर्यंत नजर हटवू नये. बायांनी मूग गिळले. बुटकीनेही. बुटकीने नवा फोन घेतला होता, तिला हे सगळं कुठे टोचलंच नव्हतं.

मॅडमने एक वाट ठेवली होती. "कंपनीकडून नवा फोन घ्या. पगारातून कापत जाऊ."

"मी का घेऊ?" कडकमावशी कडाडली. "फोन माझा धड आहे. तुम्ही त्याच्या अंगावर न झेपणारं ओझं टाकलंत. ते काढा."

"मग बघून दाबत जा."

"जाईन!"

तिथे तिचा ताठा आडवा आला, हे कबूल केलं पाहिजे. पुढे बाईंच्या मुलानेही आपला एक पडून असलेला फोन देऊ केला. "तुमच्याकडेच ठेवा," म्हणाली. तिला भीक नको होती, चूक अ‍ॅपची आहे हे त्यांच्याकडून कबूल करून हवं होतं. तिने ठरवलं, बघूनच दाबीन, आणि याच फोनवर दाबीन, बघू कोण काय म्हणतंय.

आता घंटी झाली की डावा हात बाईंच्या पाठीशी, बाई अर्ध्या वळलेल्या, आणि कडकमावशीचे डोळे उजव्या हातातल्या फोनवर. चित्र येतंय. कोपरा भरतोय. अजून नाही. थांब. दाबलं. खूण फिरतेय, फिरतेय. तोवर डावा हात एकटाच बाईंचं अख्खं वजन पेलतोय. तो थरथरायला लागला की बाई किंचित घसरायच्या. पाय ओढला जायचा. भुवयांच्या मधे आठी पडायची, पण आठी बघायला कोण होतं? हिरवी खूण आली की मावशी घाईने उशा लावायची. बाईंनी बोट दोनदा दाबलं की म्हणायची, "कळतंय हो, कळतंय. तुमच्या लेकाला हिरवं लागतं."

रांग हिरवीगार झाली. मुलाने येऊन आभार मानले. मॅडमचा फोन आला, "बघा, जमलं ना?"

आणि एका सकाळी अंग पुसताना बाईंच्या उजव्या टाचेवर कडकमावशीचा हात थांबला. लाल नव्हतं, लालच्या पुढे गेलं होतं. कातडी सैल होऊन तिच्या बोटाखाली सरकली. बाईंना त्या पायात काही कळत नव्हतं, त्या तिच्याकडे नुसत्या बघत होत्या. टाच. सगळ्यांना शिकवताना जिच्यावर ती सगळ्यात जास्त ओरडायची, ती टाच.

पाणी गार झालं तरी ती तशीच बसून राहिली. मग उठून मुलाच्या खोलीत गेली आणि त्याचे हेडफोन स्वतःच्या हाताने त्याच्या कानांवरून काढले.

"तुमच्या आईच्या टाचेला जखम झालीय. माझ्यामुळे झालीय. फोनकडे बघण्याच्या नादात माझ्याकडून पाय ओढला जातोय."

तो दचकला. मग, पहिल्यांदा काय केलं असेल, तर फोन उघडला. रांगेवरून बोट फिरवलं. हिरवं, हिरवं, हिरवं.

"नाही हो मावशी," तो म्हणाला, आणि खरंच मायेने म्हणाला, "तुम्ही तर एकही वेळ चुकवलेली नाही. आईचं वयच झालंय. कातडी नाजूक होते. तुम्ही स्वतःला दोष देऊ नका."

काम नीट करत होती तेव्हा कोणी मानलं नाही, आणि काम बिघडलं म्हणून सांगायला आली तरी कोणी मानेना. तिच्या शब्दाला त्या घरात काडीची किंमत उरली नव्हती, चांगल्याला नाही आणि वाईटालाही नाही.

ती बाईंपाशी परत आली. टाच साफ केली, औषध लावलं, पट्टी बांधली. घंटी झाली. तिने फोन खिशातून काढला, स्वयंपाकघरात नेऊन ओट्यावर पालथा घातला आणि दार ओढून घेतलं. मग दोन्ही हातांनी, सावकाश, बाईंच्या भुवयांकडे बघत तिने त्यांना वळवलं. पोटरीखाली उशी. टाच हवेत. दाराआड घंटी वाजून वाजून बंद पडली.

"बरं वाटतंय?"

एकदा.

तेव्हापासून फोन ओट्यावरच राहिला. रांग पुन्हा रिकामी झाली. या वेळी मॅडम बघायलासुद्धा आली नाही, निरोप आला. तुमच्या जागी दुसरी बाई येईल, तिला काम समजावून निघा. मुलगा दारात उभा राहून म्हणाला, "मी त्यांना म्हणालो होतो मावशी, पण नियमापुढे..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. तिने करू दिलं नाही.

दुसरी बाई म्हणजे बुटकी. नवा एप्रन, नवा फोन, खाली मान. "मला माहीत नव्हतं गं मावशी, इथेच पाठवतील म्हणून."

"रडू नको. स्टूल त्या कोपऱ्यात आहे. इकडे ये." कडकमावशीने चादर बाजूला केली. "बोट एकदा दाबलं की हो, दोनदा दाबलं की नाही. चहा कोमट लागतो. ही टाच. उशीवर नाही, उशीच्या पुढे. हवेत. जखम आहे, माझ्या हातची आहे, भरून आण. समजलं?"

तेवढ्यात बुटकीच्या खिशात घंटी झाली. बुटकी स्टुलावर चढली, डावा हात बाईंच्या पाठीशी लावला, उजव्या हाताने फोन डोळ्यांसमोर धरला.

"समजलं मावशी," ती स्क्रीनकडे बघत म्हणाली.